एका इंचाला एक फूट

२ मार्च, सोमवार

आणि मग तो रॅम्प मी कुणासाठी घातला होता? माझ्यासाठी? घराच्या तिन्ही पायऱ्या फोडल्या, सिमेंट मी आणलं, वाळू मी चाळली, एका दिवसात उतार तयार करून दिला, आणि दोन वर्षांत दादा त्यावरून किती वेळा खाली उतरला? एका हाताची बोटं पुरतील. आज फोनवर एवढंच विचारलं तर म्हणे, तू तिकडे लोकांचे रस्ते कर, आमच्या घरात नाक खुपसू नकोस. आमच्या म्हणे. म्हणजे मी कोण, भाडेकरू?

फोन ठेवला आणि वही काढली. ही वही मुकादमाने रोजच्या कामाची नोंद ठेवायला दिली होती. पहिल्या चार पानांत किती फूट फरशी बसली ते आहे. पुढची पानं माझी. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, कुणी वाचू नये आणि वाचलंच तर हसू नये.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. घरोघर जाऊन विजेचे मीटर बघायचं काम करायचा. दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर पायी, आणि संध्याकाळी घरी आला की वहिनीला म्हणायचा, चल, जरा पाय मोकळे करून येऊ. आता त्याला कमरेखाली काही कळत नाही. चाकांच्या खुर्चीत असतो. मोटारसायकल मी चालवत होतो, तो मागे बसला होता. वळणावर वाळू पडली होती. पोलिसांनीसुद्धा तसंच लिहिलंय.

खुर्ची आहे, रॅम्प आहे, दारापुढे रस्ता आहे. मग बाहेर पडायला काय झालं? रुसून बसायची सवय, दुसरं काही नाही. आणि रुसायचं कुणावर, तर जो राबतो त्याच्यावर.

५ मार्च, गुरुवार

कामाचं लिहितो, म्हणजे डोकं जरा थंड होईल.

या गावच्या मुख्य बाजाररस्त्याचं आम्ही जे करतोय ते मला पहिले पंधरा दिवस शुद्ध वेडेपणा वाटत होतं. रुंद रस्ता आहे, तो अरुंद करायचा. दोन्ही बाजूंना गाड्या लागायच्या, त्या बंद. फुटपाथ तीन फुटांचा होता, त्यावरही कुणाचं खोकं, कुणाची पाटी. तो बारा फुटांचा करायचा. झाडं लावायची, बाकं ठेवायची, दर शंभर पावलांवर रस्ता ओलांडायला जागा करायची. थोडक्यात, गाडीवाल्याने गपगुमान जायचं आणि पायी चालणाऱ्याने ऐटीत. मी जन्माचा गाडीवाला, मला हे पटायचं काही कारण नव्हतं.

हे सगळं जिच्या डोक्यातून निघालंय ती इंजिनीअर बाई. कमरेला टेप, कानामागे पेन्सिल. आम्ही तिला टेपवाली म्हणतो, अर्थात तिच्यामागे. ती एकदा दिवसभर बादली पालथी घालून चौकात बसली होती आणि येणारी-जाणारी माणसं मोजत होती. संध्याकाळी मुकादमाला म्हणाली, या रस्त्यावर शंभरातली सत्तर माणसं पायी आहेत, आणि त्यांना आपण दिलीय तेवढ्या जागेत हातातली पिशवीसुद्धा मावत नाही. मुकादम हो हो म्हणाला. त्याचा पगार हो म्हणायचाच आहे.

माझ्या वाटणीचा तुकडा चाळीस फुटांचा. तो संपतो तिथे बूटवाल्या शेठचं दुकान. शेठ सकाळपासून दारात उभा राहून आम्हाला शाप देतो. गिऱ्हाइकाची गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येणार कुठून, हा त्याचा एकच सवाल. परवा मुकादम त्याला म्हणाला, "शेठ, लोक गाडीवर फिरतात म्हणून तर तुमचे बूट दहा-दहा वर्षं झिजत नाहीत. चालू द्या की त्यांना." शेठने तोंड फिरवलं. पण आज तोच विनोद तो गिऱ्हाइकाला स्वतःचा म्हणून सांगत होता, मी माझ्या कानांनी ऐकलं.

मुकादम मला भिंगरी म्हणतो. चार वर्षांत हे माझं नववं काम, म्हणून. खरं आहे, मला एका जागी चैन पडत नाही. जुना जोडीदार बंदरावर आहे, तो बोलावतोय. तिकडे जायचे पैसे जमवतोय. इथलं संपलं की उडालो.

९ मार्च, सोमवार

आज मुकादमाने मला रस्ता ओलांडायच्या जागेचा रॅम्प एकट्याला दिला. फुटपाथ रस्त्यापासून सहा इंच वर आहे, तिथून खाली उतार काढायचा. दोरी लावली, खाली खडीचा कच ठोकून घट्ट केला, फरशी रबरी हातोड्याने एक-एक बसवली. दोन फुटांत असा उतरवला की बघत राहावं. सांध्यात नखसुद्धा जाणार नाही.

मुकादमाने स्वतःची मोटारसायकल त्यावरून चढवून पाहिली. सुर्रकन वर. म्हणाला, चढली, झालं काम. बूटवाला शेठसुद्धा पहिल्यांदा खूश दिसला, कारण रॅम्प आखूड म्हणजे त्याच्या दारात गुपचूप दोन गाड्या लावायला जागा उरते.

हात चालला की मला घरची आठवण येत नाही. आज दिवसभर आली नाही.

१० मार्च, मंगळवार

टेपवालीने टेप लावला आणि म्हणाली, तोडा.

मला वाटलं चेष्टा करतेय. तिने समजावलं, एका इंचाला एक फूट. सहा इंच चढ असेल तर सहा फूट लांब उतार, त्यात काटकसर नाही. मी म्हणालो, मॅडम, मी आठ वर्षं असेच रॅम्प घालतोय. गावात घरोघर घातलेत. स्वतःच्या घरी घातलाय. दीड फुटाचं जोतं आहे, पाच फुटांत बसवलाय, गाडी एका दमात ओसरीवर.

तिने विचारलं, "घरी गाडीसाठी घातला?"

मी म्हणालो, भावासाठी. तो खुर्चीत असतो.

"तो चढतो त्यावरून?"

चढायला काय झालं, मी म्हणालो, पण बाहेरच पडत नाही तर चढणार कुठून. लाख करा त्याच्यासाठी, त्याचं आपलं खिडकीपाशी बसणं. बाईने कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत ठेवली आणि पुढे गेली. मला वाटलं, पटलं तिला.

रॅम्प मी तोडलेला नाही. बघू कोण तोडतो.

१२ मार्च, गुरुवार

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

बाईने पलीकडच्या दवाखान्यातून चाकांची खुर्ची मागून आणली. भांडली नाही, तंडली नाही. खुर्ची माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, बस. पाय उचलायचे नाहीत, जमिनीला लावायचे नाहीत. फक्त हातांनी चाकं फिरवायची आणि वर जायचं.

बसलो. मला वाटलं, दोन फूट तर आहे. जोर लावला, पुढची चाकं उचलली गेली आणि मी खुर्चीसकट मागे. डोकं आपटलं. मुकादम ओरडला, भिंगरी उलटली, आणि अख्खा रस्ता हसला. बूटवाला शेठ सगळ्यांत पुढे. दोन गिऱ्हाइकंही दुकानातून बाहेर येऊन हसून गेली.

मी परत बसलो. दुसऱ्या वेळी निम्म्यात गेलो आणि चाकं हातातून निसटून खाली आलो, तळव्याचं कातडं निघालं. तिसऱ्या वेळी पुढे वाकून, दात-ओठ खाऊन जवळजवळ वरपर्यंत गेलो. आणि तिथे अडकलो. वर जाता येईना, खाली सोडवेना, कारण मागचं दिसत नाही आणि रस्त्यावरून गाड्या चाललेल्या. दंड लटलट कापायला लागले. समोर चार जण हात बांधून उभे. त्यांना वाटलं मी दम खातोय. कुणाला तरी हाक मारायला पाहिजे होती, आणि ती तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "मुकादम, धरा." एवढे दोन शब्द बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी एरवी सहा फरश्या बसवतो.

खुर्ची जुनी होती. दवाखान्याच्या वस्तू अशाच असतात.

१३ मार्च, शुक्रवार

रॅम्प तोडला. कुणी सांगायच्या आत, सकाळी साडेसातला. मुकादम आला तेव्हा मी राडारोडा भरत होतो. म्हणाला, वाया गेलेल्या दिवसाचा रोज कापणार. कापा म्हटलं.

१४ मार्च, शनिवार

सहा फूट आखले तर शेठ बाहेर आला आणि आखलेल्या रेषेवर स्वतःची मोटारसायकल आणून लावली. किल्ली खिशात टाकली. दुकानासमोर एवढा मोठा उतार म्हणजे तिथे गाडी कधीच उभी राहणार नाही, हे त्याने बरोबर ओळखलं. मुकादम म्हणाला, जाऊ दे, चार फूट कर, कोण बघतंय. मी म्हणालो, सहा.

एरवी मी अशा वेळी हत्यारं टाकून निघून जातो. नऊ कामांपैकी चार तशीच सुटली. आज निघालो नाही. शेठच्या दुकानाच्या दारापाशी जाऊन खाली बसलो आणि त्याचा उंबरा बघितला. फुटपाथपासून चार इंच वर. बाबागाडी आणणारी बाई आली की तिथे थांबते, मूल एका हातात, गाडी एका हातात, आणि पुष्कळदा बाहेरूनच बूट बघून जाते. दोन आठवडे हे मी रोज पाहतोय.

म्हटलं, शेठ, तुम्ही गाडी काढा. मी फुटपाथ तुमच्या दारापाशी उचलून उंबऱ्याला बरोबर टेकवून देतो. पाणी रस्त्याकडेच जाईल, तेवढा उतार ठेवतो. काम सुटल्यावर करीन, माझ्या वेळात.

शेठ म्हणाला, "फुकट?"

फुकट.

त्याने मला खालून वर बघितलं, मग किल्ली काढली. वर म्हणाला, पाणी आत आलं तर तुझ्याकडून भरून घेईन. भरा म्हटलं.

१९ मार्च, गुरुवार

मधले दिवस फक्त काम. उजेड असेपर्यंत रस्त्यावर, मग पाठ टेकली की मेल्यासारखा. रॅम्प पुरा झाला. सहा फूट. दिसायला काही नाही, रॅम्प आहे हेच कळत नाही. पहिला किती झोकात दिसायचा. शेठच्या दाराचंही झालं. चार बादल्या पाणी ओतून दाखवलं, थेंब आत गेला नाही. शेठने चहा दिला. कपात दिला, दुकानातल्या स्टुलावर बसवून.

टेपवालीने टेप लावला आणि वहीत खूण केली. मग जाता जाता म्हणाली, पलीकडच्या बाजूचे तीन रॅम्प दुसऱ्या टोळीने तीन-तीन फुटांचे केलेत, बघून ठेव. मी बघून आलो. तिन्ही गाडीचे आहेत, खुर्चीचे नाहीत. मुकादमाला सांगितलं, तेही तोडायला पाहिजेत. तो म्हणाला, "परवापर्यंत तुला स्वतःचा तोडवत नव्हता, आता गावाचे तोडायला निघालास?" मग दाढी खाजवत म्हणाला, त्या कामाचा रोज नाही मिळणार. मी म्हणालो, निम्मा द्या. निम्म्यावर ठरलं.

घरी फोन लावला. दादाने घेतला नाही. वहिनी म्हणाली, ते झोपलेत. संध्याकाळी सहाला?

२२ मार्च, रविवार

आज बाईने गाड्या बंद ठेवून रस्ता एक दिवस माणसांना मोकळा दिला. काम पुरं झालेलं नाही, पण लोकांना चालून बघू द्या, असं तिचं म्हणणं. आम्हाला सुट्टी होती, तरी मी माझ्या तुकड्यावर गेलो. घरी, म्हणजे खोलीवर, करायचं काय.

सकाळी कुणी नव्हतं. लोक कडेकडेनेच चालत होते, अजून मागून हॉर्न वाजेल अशी भीती. दहाच्या पुढे हळूहळू रस्ता भरत गेला. दोन म्हातारे बाकावर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. एक बाई रस्त्याच्या अगदी मधोमध उभी राहून फोनवर बोलत होती, एवढ्या निवांत की जणू तिचं स्वयंपाकघर. मी फुटपाथच्या कडेला बसून लोकांचे पाय बघत होतो. माझ्या फरशीवर किती जण अडखळतात ते मोजायचं होतं. एकही नाही.

साडेअकराच्या सुमारास एक माणूस खुर्चीवरून आला. एकटा. चाळिशीचा असेल, मांडीवर पिशवी. रस्ता ओलांडला, माझ्या रॅम्पवर चढला आणि सरळ बूटवाल्याच्या दुकानात. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. मी तिथे तोंड उघडं टाकून बसलेलो, आणि तो सहा फुटांवरून असा गेला की तिथे काही नव्हतंच. मला आधी रागच आला. जरा थांबून बघशील की नाही, एवढी मेहनत केलीय. मग मनात आलं, त्याला बघावं लागलं नाही, हेच तर करायचं होतं.

अर्ध्या तासाने बाहेर आला, मांडीवर बुटांचा खोका. तसाच उतरला आणि गर्दीत गेला.

मी शेठला विचारलं, त्याने बूट कुणासाठी घेतले? शेठ म्हणाला, स्वतःसाठी. रंग बघितला, दोरी बघितली, सहा जोड काढायला लावले, भाव केला, डोकं खाल्लं. शेठ हे कौतुकाने सांगत होता. मग म्हणाला, "आजवर त्याचा भाचा येऊन मापाचे घेऊन जायचा. मला वाटायचं, याला आवडनिवड नाही."

मी तिथून उठलो.

२३ मार्च, सोमवार

दुपारच्या सुट्टीत वहिनीला फोन केला, दादा ऐकत नसेल तेव्हा बाहेर येऊन बोला म्हटलं. विचारलं, वहिनी, दादा रॅम्पवरून का येत नाही? खरं सांगा.

ती पहिल्यांदा म्हणाली, त्यांना कंटाळा येतो. मी म्हणालो, मी इथे खुर्चीत बसून पाहिलंय.

तिने दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "भावजी, तुम्ही गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पडले. वर चढताना खुर्ची उलटली. खांदा निखळला होता."

मी म्हणालो, तेव्हा तुम्ही सांगितलं होतं की झोपेत खांदा आखडला.

"त्यांनी शपथ घातली होती मला. म्हणाले, पोराने एका दिवसात घातलाय, हात फुटेपर्यंत राबलाय, त्याला सांगू नकोस. आधीच वाळू वाळू करत हिंडतोय."

त्यानंतर तो चार वेळा उतरला. प्रत्येक वेळी शेजारचे दोन जण धरायला लागले. चौथ्या वेळेनंतर म्हणाला, पुरे, रोज उठून कुणाला हाका मारायच्या.

वहिनी पुढेही काही बोलत होती. जेवलात का वगैरे.

२४ मार्च, मंगळवार

आज बसवलेल्या अकरा फरश्या वाकड्या बसल्या. उचलून परत बसवल्या.

मला सांगायला काय झालं होतं? दोन वर्षं मी त्याला आळशी म्हणालो. तोंडावर म्हणालो. आणि हा माणूस गप्प बसून ऐकून घेतो, वर भांडण उकरून काढतो, म्हणजे मी रॅम्पचा विषय सोडून भांडणाच्या मागे लागावं. याला काय म्हणायचं? असला कसला मोठेपणा, जो दुसऱ्याला मूर्ख बनवतो? येऊ दे त्याचा फोन.

आणि आणखी एक. पोलिसांनी वाळूचं लिहिलं, ते खरं आहे. वेग किती होता ते मला कुणी विचारलं नाही. दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, हळूच होतो. मी जोरात होतो. त्याने दोनदा पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, हळू घे. हे मी आजवर कुठेच बोललो नाही आणि आता लिहिलंय, तर पान फाडणार नाही.

२६ मार्च, गुरुवार

टेपवालीकडे गेलो. म्हटलं, मॅडम, दीड फुटाचं जोतं. म्हणजे अठरा फूट पाहिजेत ना? घरापुढे एवढी सरळ जागा नाही, फाटक येतं.

जोतं कुणाचं ते तिने विचारलं नाही. ती हे त्या दिवसापासून ओळखून होती असं मला आता वाटतं. नकाशाच्या पाठीवर काढून दिलं. नऊ फूट चढ, मग वळायला पाच फूट सपाट चौक, मग उलट फिरून पुढचे नऊ फूट. चौक महत्त्वाचा, म्हणाली, तिथे माणूस एकटा थांबून दम खाऊ शकतो, कुणाला न बोलावता. बाजूला हाताने धरायला नळी. कडेला दोन इंच उंच कड, चाक खाली जाऊ नये म्हणून.

वहिनीला अंगणाचं माप घ्यायला सांगितलं. तिने शिवणाच्या टेपने घेतलं, तीनदा, मी तिन्ही वेळा लिहून घेतलं. भिंतीलगत पंधरा फूट. बसतं. मग ती अडखळत म्हणाली, "पण भावजी, तिथे तुमची गाडी आहे."

आहे. दोन वर्षं ताडपत्रीखाली. मी गेलो तेव्हा सांगून गेलो होतो की हिला कुणी हात लावायचा नाही.

३१ मार्च, मंगळवार

मुकादम म्हणाला, रस्त्याचा दुसरा भाग पुढच्या महिन्यात सुरू होतोय, चौकापासून पुलापर्यंत. त्यात चौदा रॅम्प. बाईने सांगितलंय, ते भिंगरीलाच द्या, दुसऱ्याने हात लावायचा नाही. पाच महिन्यांचं काम आहे. पण मधेच उडायचं असेल तर आत्ताच सांग, मी दुसरा माणूस बघतो.

जोडीदाराचाही फोन आला. बंदरावर जागा झालीय, आठवड्यात ये. तिकडे रोज दीडपट आहे.

मुकादमाला म्हणालो, चौदाच्या चौदा सहा फुटांचे. तो म्हणाला, "बाबा रे, मी चार म्हणालो का?"

जोडीदाराला काय सांगायचं ते सांगितलं. तो म्हणाला, तुला वेड लागलंय, लोक पुढे जातात आणि तू त्याच रस्त्यावर. मी म्हणालो, होय.

५ एप्रिल, रविवार

दादाशी बोललो. तासभर. म्हणजे भांडलो.

मी म्हणालो, तो रॅम्प वाईट होता. तो म्हणाला, रॅम्पला काय धाड भरलीय, चांगला मजबूत आहे. मी म्हणालो, मजबूत आहे पण चुकीचा आहे, मी चुकलो. तो म्हणाला, तू कशाला चुकशील, माझाच खांदा कच्चा. मी म्हणालो, मी स्वतः उलटलोय खुर्चीतून, भर बाजारात, मला शिकवू नकोस. तर हसायला लागला. विचारतो, किती लोक होते बघायला? म्हटलं, अख्खा रस्ता. मग पुष्कळ वेळ हसला. मागे वहिनी विचारत होती, काय झालं, काय झालं. दोन वर्षांत मी त्याचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

मग म्हणाला, तिने शपथ मोडली तर. मी म्हणालो, तिला काही बोलायचं नाही. जे बोलायचं ते मला. तर म्हणाला, "तुला काय बोलू?"

मी वेगाचं सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे, मी मागेच होतो ना. आणि लगेच विचारलं, तिकडे त्या रस्त्यावर झाडं कुठली लावताय.

आता पत्र लिहून नकाशासोबत पाठवतोय, फोनवर तो अर्धं विसरल्यासारखं करील. इथे आधी उतरवून ठेवतो, म्हणजे पत्रात काही राहणार नाही.

दादा, मी येईपर्यंत थांबायचं नाही. मी पाच महिने येत नाही आणि तेवढे दिवस तू खिडकीत बसायचं नाहीस. गवंडी उद्याच बोलाव. जुना रॅम्प पुरता फोडायचा, त्यावर थर चढवून काम भागवू द्यायचं नाही. गाडी तिथून हलवा. विका, कुणाला द्या, मला विचारू नका. नकाशात आहे तेवढंच लांब करायचं, नऊ, पाच आणि नऊ, एक बोट कमी नाही. गवंडी म्हणेलच की एवढा लांब कशाला, अंगण वाया जातंय, गाडी तर पाच फुटांतही चढते. मीही तेच म्हणालो असतो. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. त्याला तुझ्या खुर्चीत बसव, हाताने चाकं फिरवायला लाव आणि जुन्या रॅम्पवर चढायला सांग. वहिनीला मागे उभी कर, डोकं आपटायला नको. उलटला की हसून घे आणि मग फोडायला सुरुवात करायला सांग.

झाल्यावर पहिल्यांदा कुणालाही न सांगता एकटा उतर. कोपऱ्यापर्यंत जा. परत ये. मग मला फोन कर आणि काय चुकलंय ते सांग. चांगला आहे म्हणालास तर तुझी शपथ, मी फोन ठेवून देईन.

सिमेंट, कच, नळी, गवंड्याचे सहा दिवस आणि हाताखालच्या माणसाचे सहा, सगळं धरून हिशेब केलाय. बंदरासाठी ठेवलेले आणि या महिन्याचे मिळून सतरा हजार चारशे पाठवतोय.